रीस्टार्ट न लागणारी यंत्रणा

चष्मेवाल्यांना कॉलनीत कुणी नावानं हाक मारत नसे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ते काचा घासत, म्हणून चष्मेवाले. स्वतः मात्र चष्मा लावत नसत, आणि ही गोष्ट त्यांच्या मालकाला धंद्याच्या दृष्टीनं फार खटके. गिऱ्हाइकाला काय वाटेल, म्हणून मालकानं एकदा त्यांना साध्या काचांचा चष्मा देऊ केला. चष्मेवाल्यांनी तो उजेडात धरला, डाव्या काचेत खोट आहे असं सांगितलं आणि परत दिला.

काचेवरून केसभर थर काढायचा, बोट फिरवून बघायचं आणि पुन्हा अर्धा केस काढायचा, असं दिवसभर करणारी माणसं संध्याकाळी घरी येऊन पाय पसरतात, कुंड्यांना पाणी घालतात किंवा कुणावर तरी खेकसतात. चष्मेवाले चपलांच्या कपाटासमोर मांडी घालून बसत. कपाटाच्या खालच्या फळ्यांवर चपला होत्या आणि वरच्या फळीवर सर्व्हर होता.

सर्व्हर म्हणजे दुकानातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर. पण मोडीत निघालेल्या वस्तूला मोठं नाव दिलं की ती जबाबदारीनं वागते, असा चष्मेवाल्यांचा अनुभव होता. त्यांच्या मालकाचंही तसंच झालं होतं.

या सर्व्हरवर कॉलनीची शिडी होती. म्हणजे शिडीची नोंदणी होती. तळमजल्यावर सामाईक वस्तूंची एक खोली होती. तिच्यात एक लांब शिडी, एक ड्रिल, घडीच्या खुर्च्या, गालिचा धुवायचं यंत्र, कुबड्यांची जोडी आणि चाकांची खुर्ची असे. पूर्वी खोलीच्या दाराशी पाटी टांगलेली असे आणि ज्याला जे हवं त्यानं तिच्यावर खडूनं नाव लिहायचं. पद्धत सोपी होती. आधीचं नाव कोपरानं पुसायचं आणि आपलं लिहायचं. शिडी हवी असली की माणसं भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून खाली उतरत.

चष्मेवाल्यांनी हे सगळं बंद केलं. वस्तू उसन्या देण्याघेण्याचं एक फुकट मिळणारं अ‍ॅप त्यांनी शोधलं आणि घरच्या सर्व्हरवर बसवलं. एखाद्या कंपनीकडे ठेवू या, असं कॉलनीचे खजिनदार तेव्हाच म्हणाले होते. "शिडी आपली, भिंती आपल्या, पडणारी माणसंही आपलीच. मग परक्याला कशाला कळायला हवं कोण कधी चढतंय?" असं चष्मेवाल्यांनी विचारलं. खजिनदारांना उत्तर सुचलं नाही. उत्तर न सुचलेली गोष्ट खजिनदार कधी विसरत नसत.

अ‍ॅप बसवायचं तर ते कंटेनरमध्ये, हे चष्मेवाल्यांनी वाचून ठरवलं होतं. कंटेनर म्हणजे काय, हे घरात पहिल्यांदा सासूबाईंनी विचारलं. सासूबाई थोडे दिवस राहायला म्हणून आल्या होत्या, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्यांची खुर्ची चपलांच्या कपाटाशेजारी असे, कारण तिथून दार, स्वयंपाकघर आणि समोरची गॅलरी अशा तिन्ही आघाड्या एकदम दिसत. खुर्चीखाली त्यांचं पाय शेकायचं यंत्र असे.

"हे बघा आई," चष्मेवाले म्हणाले, "एका मशीनमध्ये चार कामं चालतात. एक अ‍ॅप. दुसरा डेटाबेस, त्यात सगळ्या नोंदी राहतात. तिसरा दारवान, आलेल्याला आत कुठे पाठवायचं ते तो बघतो. चौथा 'शिडी परत करा' अशा मेल धाडतो. ही चौघं एकत्र ठेवली तर एकाचं सामान दुसऱ्याच्या पायात येतं. म्हणून प्रत्येकाला वेगळी खोली. तिला कंटेनर म्हणायचं."

"म्हणजे घर एक आणि चुली वेगळ्या."

"अगदी तसंच."

"मग भांडत नाहीत?"

"भांडू नयेत म्हणूनच वेगळ्या."

"चौघांनाही एकाच दारानं यावं लागतं ना?" सासूबाई म्हणाल्या. "भांडतील."

या चार खोल्यांची सगळी व्यवस्था एका फाइलीत लिहिलेली होती आणि त्या फाइलीवर चष्मेवाल्यांनी काचेवर घ्यावी तशी मेहनत घेतली होती. या फाइलीत ओळीच्या सुरुवातीला जागा किती सोडली यालाही अर्थ असतो. एक जागा कमी पडली तरी ती सगळं घर नाकारते. ज्या फाइलीला लोक शिव्या घालतात ती चष्मेवाल्यांना पाहताक्षणी आवडली. आपल्यासारखं बारीक बघणारं कुणीतरी भेटलं, असं त्यांना वाटलं. कोण कुठल्या दारातून बोलेल, कुणाला कुणाशी बोलायची मनाई आहे, हे सगळं त्यांनी ठरवून दिलं. मौल्यवान सामान त्यांनी कुठल्याच खोलीत ठेवलं नाही. नोंदी बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवल्या, म्हणजे खोली पाडून नवी बांधली तरी शिडी कुणाकडे आहे ते विसरायला नको. आणि प्रत्येकाच्या नावाखाली एक हुकूम लिहिला, की पडलास तर उठून उभा राहा. वीज जाऊन आली की कॉम्प्युटरनं आपण होऊन सुरू व्हायचं, हेही त्याला बजावून ठेवलं.

मग त्यांनी एक पडदा तयार केला. चार नावं आणि प्रत्येकापुढे एक हिरवा ठिपका. मूळ पडद्यावर आणखी पुष्कळ रकाने होते. कोण किती वेळापासून चालू आहे, कोण किती मेमरी खातोय, वगैरे. ते त्यांनी गाळले. त्यांच्या मते तो पसारा होता. काच घासून झाल्यावर गिऱ्हाइकाला भुकटी दाखवत नाहीत.

दोन वर्षं चार ठिपके हिरवे राहिले. चष्मेवाले संध्याकाळी येत, चपला काढत, ठिपके बघत आणि चहा मागत. आणि इथे त्यांच्या हातून ती चूक झाली जी सुखी माणसाच्या हातून हमखास होते. ते बोलले.

कॉलनीच्या वार्षिक सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "दोन वर्षांत या यंत्रणेला एकदाही रीस्टार्ट करावं लागलेलं नाही. रीस्टार्ट हा उपाय नव्हे. रीस्टार्ट म्हणजे आपल्याला काही कळलं नाही याची कबुली. चांगल्या यंत्रणेला तो लागत नाही."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं उजवा पाय जमिनीवर गच्च दाबला. ती गाडी चालवायला शिकवत असे. शिकाऊ माणसाशेजारी बसून जन्म गेल्यामुळे कुणी फार वेगानं निघालं की तिचा पाय आपोआप ब्रेक शोधे. सभागृहात ब्रेक नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी सासूबाई धाकट्या मुलीकडे गेल्या. धाकटीनं घर बदललं होतं आणि सामान कुठे लावायचं हे सांगायला कुणीतरी हवं होतं.

त्या गेल्या आणि तीन-चार दिवसांत शिडीचं पान उघडेना. पडद्यावर गोल चकती फिरत राहिली. ठिपके मात्र चारही हिरवे होते; कंटेनर चालू आहे एवढंच ते सांगत, उत्तर देतोय का ते नाही. चष्मेवाल्यांनी पंधरा मिनिटं त्या ठिपक्यांकडे, एखाद्या साक्षीदाराकडे बघावं तसं, रोखून बघितलं. मग दार लावून घेतलं, बायको आंघोळीला गेल्याची खात्री केली आणि अ‍ॅपचा कंटेनर रीस्टार्ट केला.

पान उघडलं. चष्मेवाल्यांनी हात धुतले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. आपल्या हातून काहीतरी बिघडलंय, एवढं त्यांना कळलं. काय, ते कळेना. म्हणून त्यांनी ज्याला ज्याला हात लावता येईल त्याला त्याला हात लावला. डेटाबेस जुना झाला असेल म्हणून नवा आणला. नव्यानं जुन्या नोंदी वाचायला साफ नकार दिला, म्हणून जुन्याला सन्मानानं परत बोलावलं. अ‍ॅपला मेमरी कमी पडत असेल म्हणून वाढवून दिली. त्यानं तीही खाल्ली. मग चौघांवर नजर ठेवायला पाचवा कंटेनर बसवला. पाचवा फार कर्तव्यदक्ष निघाला. 'अ‍ॅप उत्तर देत नाही' अशी मेल तो भर दुपारी दुकानात धाडू लागला आणि चष्मेवाल्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाची डावी काच उजव्या डोळ्याला लागली. त्या पाचव्यानं उरलेली मेमरी खाल्ली ती वेगळीच.

"काय झालंय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. थोडं ट्यूनिंग चाललंय."

"माझे विद्यार्थीही गाडी गटारात घातली की असंच म्हणतात."

अशातच एकदा साइट बंद असताना कुणीतरी अडगळीतून जुनी पाटी बाहेर काढली. खजिनदारांनी शिडी साइटवर आधीच नोंदवली होती. अध्यक्षबाईंनी पाटीवर खडूनं लिहिली. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर होत्या आणि एकदा पकडलेली वस्तू सोडायची त्यांना सवय नव्हती. कुणीतरी पहिल्या मजल्यावर सोडलेली शिडी दोघांनी एकाच वेळी उचलली. खजिनदारांना ती वर न्यायची होती, अध्यक्षबाईंना खाली आणायची होती. जिन्याच्या वळणावर ती अशी काही अडकली की अर्धा दिवस कॉलनी शिडीच्या पायऱ्या चढून आपापल्या घरी गेली. चाकांच्या खुर्चीत बसलेले तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खालीच राहिले. त्यांना खाली मजा येत होती, पण हे कुणी विचारात घेतलं नाही.

खजिनदारांनी सभा बोलावली. विषय एकच होता. नोंदणी एका कंपनीच्या अ‍ॅपवर न्यायची. कंपनी काही घेणार नव्हती. फक्त कॉलनीतल्या सगळ्यांचे फोन नंबर, वयं आणि कुणाला काय लागतं एवढी माहिती तिला द्यायची होती.

सभा रविवारी दुपारी, चष्मेवाल्यांच्याच घरी ठरली. यंत्रणा कशी चालते ते त्यांनी टीव्हीच्या पडद्यावर दाखवायचं आणि सभेनं निर्णय घ्यायचा. त्या आठवडाभर चष्मेवाल्यांना जेवण गेलं नाही. नोंदणी कुठेही गेली असती तरी माणसं शिडीवर चढलीच असती. पण दुकानातल्या काचांवर मालकाचं नाव असे, घराच्या पाटीवर वडिलांचं होतं, आणि जगात आपण केलेलं म्हणावं असं त्यांच्याकडे ते कपाट तेवढं होतं. खालच्या चपला सोडून.

रविवार आला. जेवणं उरकून माणसं जमली. खजिनदार पुढच्या खुर्चीत बसले.

"दोन वर्षं रीस्टार्ट नाही, म्हणाला होतात," ते गोड आवाजात म्हणाले. "दाखवा की."

चष्मेवाल्यांनी साइट उघडली. सकाळी ती चालत होती. गोल चकती फिरू लागली.

"येईल," चष्मेवाले म्हणाले.

चकती फिरत राहिली. एक हुकूम टाइप केला असता तर काम झालं असतं. पण पडदा भिंतीएवढा होता, रीस्टार्ट हा शब्द सगळ्यांना वाचता आला असता, आणि खजिनदारांनी तर चष्माही आणला होता. तो चष्मेवाल्यांनीच घासलेला होता आणि त्यातून स्वच्छ दिसणार याची चष्मेवाल्यांना खात्री होती. म्हणून ते बोलत राहिले. चार चुलींबद्दल बोलले, दारवानाबद्दल बोलले. बायकोचा पाय जमिनीवर रुतला होता.

तेवढ्यात बेल वाजली. सासूबाई आल्या होत्या.

हातातली पिशवी त्यांनी दारातच ठेवली. "एवढ्या चपला कुणाच्या? घरात काय झालंय?" काही झालेलं नाही, सभा आहे, हे कळल्यावर त्यांचा सभेतला रस संपला. प्रवासानं पाय सुजले होते. त्या आपल्या खुर्चीत बसल्या, खालचं यंत्र पुढे ओढलं, सवयीनं कपाटामागे हात घातला, आणि सर्व्हरचा प्लग काढून तिथे यंत्राचा लावला.

टीव्हीवर 'ही साइट सापडत नाही' अशी अक्षरं आली.

"आई!" चष्मेवाले ओरडले. "काय केलंत हे?"

"काय केलं? रोज करते ते केलं."

"रोज?"

"जेवण झालं की. इथे सॉकेट एकच आहे. तुम्ही त्या वेळी दुकानात असता, रविवारी घोरत असता. शेकून झालं की लावते परत. ओरडताय काय, जावईबापू? दोन वर्षांत कधी लावायला विसरले का?"

चष्मेवाल्यांनी बायकोकडे बघितलं.

"मला वाटलं तुम्हाला माहितीये," ती म्हणाली.

त्यांनी सभेकडे बघितलं.

"दुपारी बंदच असतं की ते," खजिनदार म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला वाटलं, तुम्ही त्याला जेवायला सुट्टी देता."

"मी तर पेशंटना सांगते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मशीनसुद्धा जेवणानंतर थोडं थांबतं, मग तुम्ही जेवल्यावर दात घासायला थांबायला काय हरकत आहे."

सासूबाईंचे पाय यंत्रात होते. अशा वेळी त्यांना उठवायची धमक कॉलनीत कुणातच नव्हती, त्यामुळे सभा पाय शेकून व्हायची वाट बघत बसली. चष्मेवाल्यांना मात्र त्या अवधीत सगळं स्वच्छ दिसलं. अ‍ॅप पहिल्या दिवसापासून गळकं होतं. मेमरी घ्यायचं, परत द्यायचं नाही. चार दिवसांत पोट फुगून बसलं असतं. पण चौथा दिवस त्याला कधी मिळालाच नव्हता. रोज दुपारी सासूबाई त्याचं पोट रिकामं करत होत्या, वीज आली की कॉम्प्युटर उठत होता, पडलास तर ऊठ हा हुकूम चौघं निमूट पाळत होते, आणि संध्याकाळी येऊन चष्मेवाले हिरवे ठिपके मोजत होते. किती वेळापासून चालू, हा रकाना ठेवला असता तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं. तो त्यांनी पसारा म्हणून गाळला होता.

सासूबाईंनी पाय पुसले आणि प्लग परत लावला. कपाटातून एक बीप आली, पंखा घुरघुरला. डेटाबेस उठला, दारवान उठला. अ‍ॅप उठलं, आणि टीव्हीवर शिडीचं पान लख्ख उघडलं. शिडी उपलब्ध, असं त्यावर लिहिलं होतं.

सभेनं टाळ्या वाजवल्या. "वा!" कुणीतरी मागून म्हणालं. "दुरुस्तीची वेळ बरोबर साधलीत."

आता गप्प बसायला हरकत नव्हती. पण मालकाच्या हातातल्या चष्म्यात खोट आहे हे ज्याला सांगितल्याशिवाय राहवलं नाही, त्याला आपल्या कपाटातली लपवता येईना.

"खोट आहे," चष्मेवाले म्हणाले. "मी मागच्या सभेत बोललो ते खोटं होतं. ही यंत्रणा रोज रीस्टार्ट होत होती. आईंनी करायचं थांबवलं तेव्हा ती पडायला लागली. मला काही कळलं नव्हतं."

बायकोचा पाय जमिनीवरून उचलला गेला.

"बघा!" खजिनदार उभे राहिले. "म्हणजे शिडी एका बाईंच्या पायांवर चालत होती! कंपनीकडे असं नसतं."

"कंपनीचं बंद पडलं तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तर काय? ते बघतील."

"कोण बघेल? त्यांचा प्लग कुठे आहे?"

खजिनदारांनी आणलेल्या माहितीपत्रकात शोधून बघितलं. तिथे एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता.

"इथला मला दिसतोय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कपाटामागे आहे. आणि काढणाऱ्या बाई समोर बसल्यात. पुढचा विषय?" पुढचा विषय नव्हता, म्हणून सभा संपली.

संपली म्हणजे, सासूबाईंच्या अटी उरल्या होत्या. आपण दोन वर्षं कॉलनीचं काम करत होतो आणि जावयानं सांगितलं नाही, याचा त्यांना राग आला होता. जावयाला माहीत नव्हतं, हे कारण त्यांनी ऐकून घेतलं नाही. शेवटी देखभालीचं काम रीतसर त्यांच्याकडे देण्यात आलं आणि साइटवर 'दुपारी देखभालीसाठी बंद' अशी ओळ झळकली. चष्मेवाल्यांची अट एकच होती. चालू डेटाबेसखालची वीज एकदम ओढणं म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताखालचा कागद ओढणं; दोन वर्षं नोंदी शाबूत राहिल्या ते नशीब. आधी बटण दाबायचं, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग प्लग.

"आणि दिवा विझेपर्यंत माझे पाय थंड पडले तर?"

दोन मिनिटांवर तडजोड झाली.

पाचवा कंटेनर चष्मेवाल्यांनी काढून टाकला. गाळलेला रकाना परत आणला. अ‍ॅप रोज आपोआप रीस्टार्ट व्हावं अशी ओळही त्यांनी लिहून ठेवली आहे, तपासली आहे आणि ती चोख चालते. फक्त अजून सुरू केलेली नाही. सुरू केली तर सासूबाईंना काय सांगायचं, ते त्या फाइलीत कुठे लिहायची सोय नाही.

सासूबाई आता धाकटीकडे फार दिवस राहत नाहीत. मागे काम असतं. राहिल्याच तर चष्मेवाले दुपारी दुकानातून घरी येतात. बटण दाबतात, दिवा विझू देतात, प्लग काढतात. मग सासूबाईंचा फोन येतो.

"काढला का?"

"काढला, आई."

"आणि यंत्र लावलं?"

"ते कशाला लावायचं? पाय तुमचे तर तिकडे आहेत."

"नुसता प्लग काढून बसणार? घाईनं लगेच परत लावाल. माणसाचं काही खरं नाही. पाय घाला आत."

चष्मेवाले पाय घालतात. समोर दार, स्वयंपाकघर आणि गॅलरी अशा तिन्ही आघाड्या दिसतात. मालकाला त्यांनी सांगितलंय की घरी सर्व्हरचं जोखमीचं काम असतं, निदान अर्धा तास लागतो. काम दोन मिनिटांचंच आहे, हे डाव्या काचेत खोट काढणाऱ्या माणसानं अजून कुणाजवळ कबूल केलेलं नाही.